खोक्यावरचं नाव

लोणावळ्याहून परतणाऱ्या पाहुण्याच्या हातात चिक्कीचं खोकं असतंच. बाजारात हिंडलात, तर मिळत्याजुळत्या नावांच्या पाट्या ओळीनं दिसतील. कुठं ‘जुने’, कुठं ‘ओरिजिनल’, एवढाच फरक. चिक्कीत फसलो तर जीभ तेवढी रुसते. औषधाच्या खोक्यात फसलो तर?

अम्मीच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणल्या होत्या. ती म्हणाली, “हा निळा आपला नाही.” मी हसलो. मग जुनं खोकं शेजारी ठेवलं आणि हसू थांबलं. निळा खरंच वेगळा होता.

असं खोकं संगणक कसं पारखतो? छापील चित्र भिंगाखाली धरा. निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांचे ठिपके दिसतील. प्रत्येक रंगाच्या ठिपक्यांची ओळ ठरावीक कोनात असते. नक्कल करणारा अस्सल खोकं स्कॅन करून पुन्हा छापतो, तेव्हा ठिपक्यांवर ठिपके पडून नको ती जाळी उमटू शकते. बारीक अक्षरांच्या कडा फुगतात. संगणक फोटो सरळ करून अस्सल नमुन्यावर बसवतो आणि कडा, अंतरं, रंग मोजतो.

अडचण अशी, की अस्सल खोकीही सगळी सारखी नसतात. शाई कधी दाट, कधी पातळ. म्हणून त्याला एक नव्हे, अनेक अस्सल नमुने दाखवावे लागतात. नाहीतर तो साव माणसालाही चोर ठरवील.

१ ऑगस्ट २०२३पासून आपल्याकडे ३०० औषध-ब्रँडवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. तो वाचून त्यातला बॅच क्रमांक आणि मुदत खोक्याशी ताडून पाहावी. पण कोडही उतरवता येतो, हे विसरू नये. शिवाय फोटोला दिसतो तो कागद, आतला माल नव्हे. इंद्रायणीच्या पोत्यात भलताच तांदूळ भरला, तर पोतं काय बोलणार?

दुकानदारानं त्याच गोळ्यांची दुसऱ्या बॅचची पट्टी दिली, म्हणून अम्मीचा एकही डोस चुकला नाही. कंपनीला बॅच कळवली. खोकं त्यांचंच निघालं, छपाईची खेप तेवढी वेगळी होती. मी ओशाळलो. अम्मी म्हणाली, “विचारलंस ना? बस.”

तुम्हालाही शंका आली, तर गोळ्या परस्पर बंद करू नका. खोकं आणि बिल जपा, डॉक्टरांना विचारा, अन्न व औषध प्रशासनाला कळवा. यंत्र नंतर मोजेल. पहिली शंका मात्र रोज ते खोकं हाताळणाऱ्यालाच येते.