पानांच्या सावलीत घडते वाइन

वाइनचा पेला नाकाशी नेला की कोणाला पेरूचा वास येतो, कोणाला लिंबाच्या सालीचा, तर कोणाला चक्क ढोबळी मिरचीचा. अशा रसिकांची आपण चेष्टा करतो खरी. पण ढोबळी मिरचीपुरते तरी ते अगदी खरे बोलत असतात. त्या मिरचीला तिचा वास देणारे मेथॉक्सिपायराझिन कुळातील रसायन सोव्हिन्यों ब्लां आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या जातींच्या द्राक्षांतही असते. एक लिटर पाण्यात ग्रॅमचा अवघा २ अब्जांश भाग असला, तरी माणसाच्या नाकाला ते कळते. पेल्यात ते किती उतरणार, याचा निर्णय मात्र बराचसा वेलीवरील पानांनी आधीच केलेला असतो.

हे रसायन हिरव्या, कठीण मण्यात साठत जाते आणि मण्यात पाणी उतरू लागले की घटते. कोवळ्या घडावर उजेड पडला, तर मुळात ते साठतेच कमी. घड पानांच्या गर्दीत दडलेला असेल, तर साखर पुरेशी भरूनही वाइनला हिरवट, कच्चा वास राहतो. द्राक्षाचे एक पान अंगावर पडलेल्या प्रकाशापैकी १० टक्क्यांहूनही कमी प्रकाश पलीकडे जाऊ देते. म्हणजे पानांच्या तिसऱ्या थरामागे जवळजवळ अंधारच. तेथे हवा खेळत नाही, भुरीला आयते घर मिळते आणि पुढील वर्षी घड देणारे डोळेही नीट पोसत नाहीत.

यावरचा उपाय म्हणजे वेलीच्या पर्णसंभाराचे नियोजन. फेलफुटी काढणे, उरलेल्या फुटी तारांमध्ये उभ्या बांधणे, शेंडे खुडणे, घडालगतची पाने काढणे ही त्यातील मुख्य कामे. या साऱ्याला शास्त्राची बैठक देणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचे रिचर्ड स्मार्ट यांचे नाव अग्रभागी आहे. १९८०च्या दशकात ते न्यूझीलंडमध्ये काम करीत होते. सुपीक जमीन आणि भरपूर पाऊस यामुळे तेथील वेली पानांनीच माजत. एक मीटर लांबीत साधारण १५ फुटी आणि पानांचे एक ते दीड थर, असे सुटसुटीत माप त्यांनी घालून दिले. माइक रॉबिन्सन यांच्यासह त्यांनी लिहिलेले ‘सनलाइट इनटू वाइन’ हे पुस्तक १९९१ मध्ये आले आणि बागायतदारांची हातपोथी ठरले.

पण ही पोथी उन्हाला आसुसलेल्या थंड मुलखातली आहे. नाशिकला ऊन मागावे लागत नाही. इथे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटणी करावी लागते आणि वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये, निरभ्र आकाशाखाली होते. उघड्या घडाचे मणी भोवतालच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतात. त्यामुळे आम्लता घटते, काळ्या द्राक्षांचा रंग फिका पडतो, सालीवर करपल्याचे चट्टे उठतात. शिराझमधील काळ्या मिरीचा सुवास ज्या रोटंडोनमुळे येतो (त्याचा छडा २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी लावला), तेही तापलेल्या घडात कमी भरते. उलट मस्कतसारख्या सुवासिक जातींना थोडे ऊन मानवते. सरसकट पाने काढा किंवा सरसकट ठेवा, असा नियम म्हणूनच चालत नाही. २००३च्या उष्णतेच्या लाटेत पाने काढून बसलेल्या फ्रान्समधील बागायतदारांचेही घड करपले होते. ओळी उत्तर-दक्षिण असतील, तर सकाळच्या सौम्य उन्हासाठी पूर्वेकडील पाने विरळ करावीत आणि दुपारनंतरच्या तापापासून वाचण्यासाठी पश्चिमेकडील राखावीत, हा त्यातला शहाणा मध्यममार्ग.

खरी अडचण शास्त्रापेक्षा हिशेबाची आहे. नाशिकच्या शेतकऱ्याचा हात बसला तो खाण्याच्या द्राक्षांवर. तिथे मणी टपोरा हवा, पान हे घडाचे छप्पर आणि वजन हेच उत्पन्न. वाइनला मात्र लहान मणी लागतो, कारण रंग आणि बराचसा गंध सालीत वा सालीलगत असतो. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर अनेकांनी वाइनच्या जाती लावल्या. २००८ नंतरच्या मंदीत माल उचलला गेला नाही, तेव्हा कित्येकांनी त्या उपटूनही टाकल्या. हे सोसलेल्या माणसाला घडाभोवतीची पाने हाताने वेचण्यासाठी मजुरी खर्च करा असे सांगायचे आणि दर मात्र वजन व साखर पाहूनच द्यायचा, हे न्यायाचे नाही. वाइनमध्ये गंध हवा असेल, तर कारखान्याने त्या मजुरीचा वाटा दरात धरायला हवा.

आणि ही मजुरी वेळेवरच व्हावी लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटलेल्या वेलीवर मणी धरल्यानंतर लगेच, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाने विरळ केली, तर कोवळी साल हळूहळू उन्हाला सरावते. तेच काम लांबवून फेब्रुवारीत उरकले, तर सावलीत वाढलेला घड काही दिवसांतच करपतो.