पुरण, साटा आणि दावाओचा डबा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारची पोरगी दावाओहून सुट्टीला आली. फिलिपाईन्समधलं हे शहर लातूरकरांना आता परकं राहिलेलं नाही. इथल्या शिकवण्यांमध्ये दरवर्षी हजारो पोरं ‘नीट’ची तयारी करतात आणि ज्यांचा इथे नंबर लागत नाही, त्यांतली काही डॉक्टरकी शिकायला तिकडचा रस्ता धरतात. येताना तिने पुठ्ठ्याचा एक डबा आणला होता. आत पेढ्याहून मोठ्या, चपट्या, वरून तांबूस भाजलेल्या गोल वड्या. हात लावला की पापुद्रे सुटत होते.

“काकू, खाऊन तर बघा. आपलं पुरणच आहे हे,” ती म्हणाली. “ह्याला तिकडं होपिया म्हणतात.”

माझी माय तेव्हा नांदेडहून आलेली होती. वय ऐंशीच्या पुढं, पण पुरणाच्या बाबतीत तिची जीभ अजून बाजार समितीतल्या आडत्यासारखी चालते. तिने एक घास खाल्ला, उरलेला तुकडा उजेडात धरून आत पाहिलं आणि म्हणाली, “मुगाचं पुरण हाय. घोटलंय चांगलं. वरून चिरोटा हाय. पण चिरोट्यात पुरण कशाला भरलालेत हे लोक?”

परदेशी खाण्याची इतकी नेमकी फोड मी दुसरीकडे ऐकली नाही. होपिया म्हणजे खरोखर एवढंच. सालं काढलेली मुगाची डाळ शिजवून, साखर घालून घट्ट आटवायची. मैद्याची दोन पिठं मळायची, एक पाण्याचं आणि एक नुसत्या चरबीचं. एकात दुसरं घालून लाटायचं, गुंडाळायचं, पुन्हा लाटायचं. त्या पारीत सारण भरून चपटं करायचं आणि भट्टीत भाजायचं. आपण चिरोट्याला तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा लावतो, त्यांचं चरबीचं पीठ तेच काम करतं.

हा पदार्थ मूळचा फिलिपिनोंचाही नव्हे. चीनच्या फुजियान प्रांतातून आलेल्या लोकांनी तो मनिलाला आणला. त्यांच्या बोलीत ‘हो’ म्हणजे चांगलं आणि ‘पिया’ म्हणजे अशी भाजलेली वडी. मनिलातली बिनोंदो ही वस्ती स्पॅनिश लोकांनी 1594 मध्ये वसवली. जगातली सर्वांत जुनी चिनी पेठ म्हणून ती ओळखली जाते आणि होपियाची नावाजलेली दुकानं आजही तिथंच आहेत. हीच वडी जावा बेटावर गेली तेव्हा ‘बाकपिया’ झाली. ‘बाक’ म्हणजे मांस. पण जावातली बहुसंख्य वस्ती मुसलमानांची, त्यामुळे नाव तेच राहून आत मूग आले. योग्यकर्ता शहरात बाकपियाचे खोके आपल्याकडच्या कंदी पेढ्यांसारखे प्रवासी घेऊन जातात. गंमत म्हणजे मूग हे धान्य मूळचं आपल्याच उपखंडातलं. म्हणजे डाळ इकडची, पारी चीनची आणि भट्टी मनिलाची.

एक सावधगिरीची गोष्ट. जुन्या पद्धतीच्या होपियात डुकराची चरबी घालतात. ‘होपिया बाबोय’ नावाचा जो प्रकार आहे त्यात सारण असतं आपल्या ओळखीच्या कोहळ्याचं, पण बाबोय म्हणजे डुक्कर, आणि ते नाव उगाच पडलेलं नाही. पोरीने आणलेला डबा वनस्पती तुपातला होता, हे तिने मायचा पहिला घास गिळून झाल्यावर सांगितलं. माय तिच्याकडं नुसती बघत राहिली.

डबा दोन दिवसांत संपला. पण मायचा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. पुरणही आपल्याकडे आहे आणि साटाही, मग आपण ते दोन्ही कधीच एकत्र का केलं नाही? पारीचे प्रयोग आपल्याकडे कमी झालेत असंही नाही. मराठवाड्यात एकाच पुरणाला वर्षभरात किती कपडे चढतात ते मोजून बघा. होळीला, पाडव्याला, पोळ्याला पोळी. पोळ्याच्या दिवशी पहिली पोळी बैलाच्या तोंडात, मग घरातल्यांच्या ताटात. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सोळा भाज्यांच्या जोडीला पुरण लागतंच. नागपंचमीला चिरायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही, म्हणून तेच पुरण कणकेच्या घडीत घालून उकडायचं, की झाले दिंड. धोंड्याच्या महिन्यात त्याचे धोंडे होतात, जावई-लेकीला बोलावून खाऊ घातले जातात. 2023 मध्ये अधिक श्रावण आला, तेव्हा आमच्या घरात महिनाभर पुरणाचा वास होता. कडबू म्हणा, कानवले म्हणा, ते आणखी निराळे.

आणि देगलूर, बिलोली, धर्माबादकडे सरकलात की हीच पोळी तेलंगणाची ‘भक्ष्यालु’ होते. उदगीर-निलंग्यापलीकडे बिदरला ती ‘होळिगे’. 1948 पर्यंत हा सगळा मुलूख एकाच हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे इथल्या सोयरिकींना आणि पोळ्यांना हद्द फारशी कळत नाही. निलंग्याकडून कर्नाटकात उतरलं की बसवकल्याण लागतं. तिथं राज्य करणाऱ्या चालुक्य राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातल्या स्वयंपाकाच्या भागात गव्हाच्या मांड्यांची आणि पोळ्यांची वर्णनं आहेत. नऊशे वर्षं झाली, या टापूतली बाई कणीक तिंबतेच आहे.

तरी भट्टीत भाजलेलं पुरण नाही. माझ्या मते याचं कारण साधं आहे. आपल्या घरात चूल होती, भट्टी नव्हती. दुसरं, हा ज्वारीचा प्रदेश. रोजची भाकरी, गहू सणाचा. जो गहू वर्षातून मोजक्या वेळी दळायचा, त्याची पोळी मोठी, मऊ आणि तव्यावरून थेट ताटात पडणारी हवी, वर तुपाची धार. डब्यात भरून आठवडाभर ठेवायचं खाणं वेगळं, ते दिवाळीचं. पुरण दिवाळीचं नव्हतंच कधी.

आणि पुरणाच्या दिवसांचा पिकाशी संबंध आहे. हरभरा रब्बीचा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरायचा, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचा. लातूरच्या बाजारात नव्या हरभऱ्याची आवक वाढते आणि डाळ मिलचे पट्टे जोरात फिरू लागतात तेव्हाच होळी येते. नव्या डाळीचं पुरण वेगळंच लागतं. जुनी डाळ शिजायला हट्टी असते, कुकरच्या चार शिट्ट्या जास्त खाते. मूग मात्र खरिपाचा. पोळ्याच्या आगेमागे शेंगा तोडून होतात, मूग बाजारात येतो आणि दिवाळीपर्यंत नवी मूगडाळ घरात असते. तेव्हा त्या दिवाळीत मुगाचं पुरण करून बघायचं मी ठरवलं. माय म्हणाली, “कर. पण आधी पुरण करायला शीक.”

मला वाटत होतं, येतं. तीस वर्षं करते आहे. पण मायसोबत उभं राहून केलं की कळतं, आपण काय काय गाळतो. हरभऱ्याची डाळ तीन-चार तास भिजवायची. पाणी सढळ हाताने. शिजताना चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल, म्हणजे उतू जात नाही. डाळ बोटांत धरली की लोण्यासारखी दबली पाहिजे. तोवर गूळ जवळ आणायचा नाही. माझी घाई नेमकी इथंच व्हायची. डाळ जरा कच्ची असतानाच गूळ पडला तर ती पुढं कितीही शिजवा, कण राहतोच. साखर डाळीला आखडून धरते आणि गुळात जो चुन्याचा अंश असतो त्याने ती आणखी कडक होते. मायला हे शास्त्र ठाऊक नाही. ती म्हणते, “गूळ बघितला की डाळ रुसते.”

मग चाळणीत ओतून निथळू द्यायचं. खाली पडतं ते येळवणी. त्याची आमटी, येसर घालून. येसर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळी आणि मसाले दळून केलेलं आमचं मराठवाडी पीठ. त्याने आमटीला अंग येतं. येळवणी फेकणाऱ्या घराला माय घर म्हणत नाही. 2016 सालच्या पाडव्याला लातुरात महिना-महिना नळ येत नव्हता. पाडवा 8 एप्रिलला झाला आणि चार दिवसांनी, 12 एप्रिलला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, पाच लाख लिटरची. त्या वर्षी डाळ भिजवलेलं पाणीसुद्धा आम्ही तुळशीला घातलं.

निथळलेल्या डाळीत बरोबरीने गूळ. किलोला किलो. मंद आंच, जाड बूड, आणि हात थांबवायचा नाही. आधी गूळ विरघळून सगळं पातळ होतं. नवख्या माणसाला इथं धडकी भरते. वीसेक मिनिटांत कडा सुटायला लागतात, फुटणाऱ्या बुडबुड्यांचा आवाज जड होतो. मग मधोमध उलथणं उभं करायचं. पडलं तर अजून वेळ आहे. उभं राहिलं तर खाली उतरवायचं आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढायचं; गार झालेलं पुरण यंत्राचा दांडा मोडेल, पण उतरणार नाही. सुंठ, वेलदोडा, जायफळ शेवटी. पोळीला सपीट, म्हणजे वस्त्रगाळ कणीक, तेलाच्या हाताने इतकी तिंबायची की ओढली तर तुटू नये. उंडा लिंबाएवढा, पुरण त्याच्या दुप्पट, आणि लाटायला ज्वारीचं पीठ.

आता होपिया. पहिल्या खेपेला मी नेहमीसारखं, उलथणं उभं राहण्याइतकं पुरण केलं आणि फसले. बेकरीच्या भट्टीत वीस मिनिटांत वड्यांना तडे गेले, पुरण बाहेर येऊन पत्र्याला चिकटलं. बेकरीतला माणूस पत्रा खरवडत म्हणाला, “बाई, तुमची नानकटाई रडलीय.” चूक माझीच होती. तव्यावरची पोळी काही मिनिटांत भाजून होते. बंद भट्टीत अर्धा तास राहणाऱ्या सारणातलं पाणी वाफ होऊन वाट शोधणारच. भट्टीचं पुरण पोळीच्या पुरणाहून कोरडं हवं. हातात दाबलं तर लाडू वळावा आणि बोटाला चिकटू नये, इतकं.

दुसऱ्या खेपेचं प्रमाण देते, ते जमलं. पाव किलो पिवळी मूगडाळ दोन तास भिजवून बेताच्या पाण्यात शिजवा. मूग लवकर गळतो, तेव्हा कुकरच्या भानगडीत पडू नका. त्यात पावणेदोनशे ग्रॅम साखर. नुसता गूळ घातला तर सारण ओलं राहतं. फारच वाटलं तर अर्धा-अर्धा. आटत आलं की दोन चमचे तूप आणि चिमूटभर मीठ. पूर्ण गार करून वीस गोळे. पारीसाठी दोनशे ग्रॅम मैदा, पन्नास ग्रॅम तूप, चमचाभर पिठीसाखर, बेताच्या पाण्यात मऊ मळून झाकून ठेवा. साट्यासाठी शंभर ग्रॅम मैद्यात पन्नास ग्रॅम तूप नुसतं चोळून गोळा करा, पाणी नको. दोन्हींचे वीस-वीस गोळे. पाण्याच्या पिठात साट्याचा गोळा मोदकासारखा बंद करायचा, लांबट लाटायचा, गुंडाळी करायची, ती उभी धरून पुन्हा लाटायची. तेवढ्याने पापुद्रे सुटतात. सारण भरून तोंड नीट मिटवा, ती बाजू खाली घालून तळहाताने चपटं करा.

घरी ओव्हन असेल तर 180 अंशांवर अर्धा तास, मध्ये एकदा उलटायचं. नसेल तर जाड तव्यावर अगदी मंद आंचेवर दोन्ही बाजूंनी. कडा भाजायला प्रत्येक वडी उभी धरून फिरवावी लागते, पंधरा वड्यांनंतर कंटाळा येतो. खरी मजा बेकरीत. दिवाळीआधी नानकटाईचं पीठ डब्यात घेऊन भट्टीवर जायचा रिवाज आपल्याकडे अजून आहे. नानकटाईचे पत्रे निघाले की भट्टी जरा उतरलेली असते, त्या वेळी होपियाचा पत्रा आत सारायचा.

मायने त्या दुसऱ्या घाण्यातल्या दोन खाल्ल्या. तिसरी उचलली आणि वाटीत दूध ओतून त्यात कुस्करली. “पोळी ती पोळीच,” म्हणाली. तिकडं दावाओत मात्र, पोरगी सांगते, ‘होपिया’ हा शब्द पोरं उगाच आशेवर झुरणाऱ्या मित्राला चिडवायला वापरतात, कारण तो इंग्रजीतल्या आशेसारखा ऐकू येतो. यंदा परत जाताना तिने डबा मागून नेला. त्यात होपिया नव्हत्या, दहा पोळ्या होत्या, केळीच्या पानात गुंडाळून. आठवड्याने फोन आला, सगळ्या एकाच रात्रीत संपल्या.

तुम्ही या दिवाळीला करणार असाल तर सारण आदल्या रात्री करून ठेवा आणि बेकरीवाल्याला वसुबारसेच्या आधी सांगून ठेवा. धनत्रयोदशीनंतर भट्टीला नंबर लागत नाही.