खोडदची दुर्बीण आणि फेसबुकवरचे संशोधक

समाजमाध्यमांतून विज्ञान लोकांपर्यंत दोन तऱ्हांनी पोचते. एकीत शास्त्रज्ञ सांगतात आणि लोक वाचतात. दुसरीत लोकांच्या हाती खरी निरीक्षणे दिली जातात आणि ते शास्त्रज्ञांच्या बरोबरीने काम करतात. दुसऱ्या तऱ्हेचे एक ठळक भारतीय उदाहरण जुन्नर-आंबेगाव परिसरातल्या जीएमआरटी या दुर्बिणीशी जोडलेले आहे.

पुणे-नाशिक महामार्गावर मंचर सोडले की कळंब लागते आणि पुढे नारायणगाव. तिथून पूर्वेला, खोडदजवळ, ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या 30 डिश सुमारे 25 किलोमीटरच्या टापूत पसरल्या आहेत. प्रत्येक डिशचा व्यास 45 मीटर. या दुर्बिणीने 150 मेगाहर्ट्झवर केलेल्या आकाश-सर्वेक्षणाच्या प्रतिमा सर्वांसाठी खुल्या आहेत.

खुल्या प्रतिमा पाहायला जाणते डोळे लागतात. ते तयार करण्यासाठी खगोलशास्त्रज्ञ डॉ. आनंद होता यांनी 15 एप्रिल 2013 रोजी ‘रॅड अॅट होम’ हा उपक्रम फेसबुकवर सुरू केला. त्यात मुख्यतः विज्ञान-अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि पदवीधर सामील होतात. आकाशातल्या एकाच जागेच्या दृश्य प्रकाशातल्या, अवरक्त आणि रेडिओ प्रतिमा एकमेकींवर ठेवून पाहायला ते शिकतात. रेडिओ दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळून सहसा दोन विरुद्ध दिशांना झोत निघतात आणि दोन्हीकडे रेडिओ लहरींचे फुगे दिसतात. एखादा फुगा गायब असेल, झोत वाकला असेल, तर ती प्रतिमा गटात टाकायची आणि काय वेगळे वाटले ते लिहायचे. त्यावर चर्चा होते, चुका दुरुस्त होतात आणि निवडक दीर्घिकांसाठी जीएमआरटीवर निरीक्षणाचा वेळ मागितला जातो.

‘रॅड 12’ ही दीर्घिका अशीच सापडली. सुमारे 100 कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या या दीर्घिकेचा झोत शेजारच्या दीर्घिकेवर आदळतो आणि त्याचा फुगा एकाच बाजूला दिसतो. हे संशोधन 2022 मध्ये ब्रिटनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या संशोधनपत्रिकेत प्रसिद्ध झाले.

या यशाचे मर्म फेसबुकच्या पसाऱ्यात नाही. मूळ माहिती खुली होती, ती वाचायला शिकवणारे कोणी होते आणि शंकेला उत्तर मिळत होते, म्हणून हे घडले. या तीन गोष्टींवाचून तेच माध्यम फक्त फॉरवर्ड पसरवते. आकाशाचे सुंदर छायाचित्र हजारो लोक पाहतात. पण ते कोणत्या दुर्बिणीचे, कधीचे, रंग खरे की संगणकाने दिलेले, हे सोबत लिहिलेले नसेल तर त्यातून विज्ञान पोचत नाही.

खोडदच्या आवारात मात्र मोबाइल बंद ठेवावा लागतो, कारण अवकाशातून येणारे रेडिओ संकेत फार क्षीण असतात आणि मोबाइलच्या लहरींत ते बुडून जातात. हा नियम पाळणे हाही विज्ञानाला हातभारच आहे. कळंब, मंचर, नारायणगाव परिसरातल्या महाविद्यालयांनी आता आणखी एक पाऊल टाकावे: दाराशी असलेल्या या दुर्बिणीच्या खुल्या प्रतिमा विद्यार्थ्यांपुढे ठेवाव्यात आणि त्यांवरची चर्चा मराठीत सुरू करावी.