मोठ्या भांड्याची आच

हुगळी नदीच्या पूर्व काठावरील बजबज हे कोलकात्याचे जुने तेलबंदर असून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे खनिज तेलाचे साठे आहेत, आणि आज तेथेच द्रवरूप पेट्रोलियम वायू, म्हणजे आपला नेहमीचा स्वयंपाकाचा गॅस, सिलिंडरांत भरला जातो. हा वायू प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो, ही गोष्ट मोठा बर्नर लावणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावी. कारण अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअरनिर्मितीला मुभा मिळाल्यानंतर तेथील हौशी लोक जे बर्नर वापरू लागले, ते बहुतांशी शुद्ध प्रोपेनसाठी घडवलेले असतात. बंगालमध्ये १९०९ च्या अबकारी कायद्यामुळे परवान्याशिवाय मद्य तयार करता येत नाही. परंतु माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवाचा, काढा तासभर उकळणे आणि मिठाईवाल्याने कढईभर दूध आटवणे यांत आचेचा प्रश्न एकच आहे, आणि दोन्ही द्रव उतू जाण्यास सारखेच तत्पर असतात.

पंचवीस लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत नेण्यास सुमारे १,८७५ किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो गॅसपासून साधारण ११,००० किलोकॅलरी मिळतात, पण उघड्यावरच्या बर्नरची निम्मी उष्णता वाया जाते असे धरले, तर या कामाला सुमारे ३४० ग्रॅम गॅस खर्ची पडतो. घरगुती शेगडीचा बर्नर सर्वसाधारणपणे तासाला २०० ग्रॅमच्या आतच गॅस जाळतो, म्हणून तो मोठ्या भांड्याला पुरा पडत नाही. घरगुती रेग्युलेटर दाब सुमारे ३० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर इतका खाली आणतो; भट्टीच्या बर्नरला मात्र बहुधा हाय प्रेशर रेग्युलेटर, त्या दाबाला साजेशी नळी आणि त्याच हिशेबाने पाडलेल्या छिद्राचे जेट हवे असते. यांतले एकच बदलून बाकीचे जुनेच ठेवणे धोक्याचे आहे.

जेटमधून वेगाने सुटणारा वायू आपल्यासोबत हवा ओढून घेतो, आणि बर्नर जुळवणे म्हणजे मुख्यतः ही हवा जुळवणे होय. एक भाग प्रोपेन पुरता जळण्यास सुमारे २४ भाग आणि ब्युटेनला सुमारे ३१ भाग हवा लागते. म्हणून प्रोपेनसाठी बसवलेली हवेची झडप आपल्या मिश्रणासाठी थोडी अधिक उघडावी लागते. ज्योत पिवळी, लांब आणि भांडे काळवंडणारी असेल तर हवा कमी आहे, आणि अशी ज्योत विषारी कार्बन मोनॉक्साइडही निर्माण करू शकते. ज्योत फुरफुरत बर्नरच्या तोंडावरून उचलली जात असेल तर हवा किंवा दाब जास्त आहे. आत स्पष्ट निळा शंकू दिसेल आणि ज्योत तोंडाला टेकून राहील, तेथे झडप घट्ट करावी. ज्योत मागे सरकून नळकांड्याच्या आत जळू लागली, तर गॅस ताबडतोब बंद करावा. हे सारे पेटवलेल्या बर्नरवर भांडे ठेवूनच तपासावे, कारण भांड्याचा तळ हवेचा प्रवाह बदलतो.

जोडण्या साबणाच्या पाण्याने तपासाव्यात. काडी पेटवून कधीही नाही. हा वायू हवेहून जड असल्याने गळला तर जमिनीलगत साचतो, म्हणून तळघर किंवा बंद खोली या कामाला पूर्णपणे वर्ज्य मानावी. उतू गेलेल्या द्रवाने ज्योत विझली तरी गॅस वाहतच राहतो. तेव्हा उकळी फुटण्याच्या सुमारास माणसाने भांड्यापासून हलू नये.

सिलिंडर उभाच ठेवावा, कारण आडवा केल्यास वायूऐवजी द्रव बर्नरकडे जातो. दीर्घकाळ मोठी आच चालू राहिली की द्रवाचे बाष्पीभवन सिलिंडरची उष्णता शोषून घेते, बाहेरून दव किंवा बर्फ धरते आणि दाब उतरतो. त्यातच प्रोपेन आधी उडून जात असल्याने सिलिंडर संपत आल्यावर मागे ब्युटेन अधिक उरते, आणि बंगालच्या पौष महिन्यात आच मंदावते. अशा वेळी सिलिंडर ज्योतीने तापवण्याची खोड जीवघेणी आहे. दोन सिलिंडर योग्य जोडणीने एकत्र लावले, की प्रत्येकाने पुरवायचा वायू निम्मा होतो आणि दाब टिकतो.