टिग वेल्डिंग यंत्रातील चाप-प्रारंभक : रचना, दोषनिदान व दुरुस्ती
(नीरा-नरसिंहपूर परिसराच्या संदर्भात)

प्रस्तावना :

नीरा व भीमा या नद्यांच्या संगमावर वसलेले नरसिंहपूर हे इंदापूर तालुक्याच्या पूर्व टोकाचे गाव श्रीलक्ष्मी-नृसिंहाच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. १८८५ साली नीरा डावा कालवा सुरू झाल्यानंतर बारामती-इंदापूरच्या अवर्षणप्रवण पट्ट्यात ऊस आला, उसामागोमाग साखर कारखाने आले. चारा व पाणी यांच्या आधारे दूध व्यवसायही वाढला. दूध ज्या नळ्यांतून व टाक्यांतून वाहते, त्या स्टेनलेस स्टीलच्या असतात. त्यांचे सांधे जोडण्यासाठी प्रामुख्याने टिग वेल्डिंग वापरले जाते. परिणामी कालव्याने घडविलेल्या या अर्थव्यवस्थेत टिग यंत्र हे ग्रामीण वर्कशॉपचेही साधन झाले आहे.

या यंत्रातील वारंवार बिघडणारा, परंतु फारसा समजून न घेतला जाणारा भाग म्हणजे चाप-प्रारंभक होय. व्यवहारात त्यास ‘एच.एफ.’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखात या भागाचे कार्य, त्यातील दोष ओळखण्याची पद्धत व दुरुस्तीतील दक्षता यांचे विवेचन केले आहे.

प्रारंभकाची आवश्यकता :

टिग पद्धतीत टंगस्टनचा इलेक्ट्रोड वितळत नाही. त्याचे टोक व धातू यांच्यामधील चापाने धातू वितळतो आणि आर्गॉन वायू त्याचे हवेपासून रक्षण करतो. १९४१ च्या सुमारास अमेरिकेतील नॉर्थ्रॉप विमान कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियम जोडण्यासाठी ही पद्धत विकसित केली. त्या वेळी आर्गॉनऐवजी हेलियम वापरला जात असे.

वेल्डिंग यंत्राचा खुला दाब साधारणतः ६० ते ८० व्होल्ट असतो. एवढ्या दाबाने दोन-तीन मिलिमीटरचे वायूचे अंतर ओलांडता येत नाही. हवेत एक मिलिमीटर अंतर भेदण्यास सुमारे ३,००० व्होल्ट लागतात. आर्गॉनमध्ये हा दाब कमी असला, तरी तो ८० व्होल्टच्या कितीतरी पट असतो. म्हणून क्षणभर उच्च दाबाची ठिणगी पाडून वायूचे आयनीभवन करावे लागते. एकदा वाट तयार झाली की मूळ यंत्राचा कमी दाबाचा, पण मोठा प्रवाह त्या वाटेने वाहू लागतो.

प्रारंभक बंद पडल्यास कारागीर इलेक्ट्रोड धातूवर घासून चाप पेटवितो. काम अडत नाही, मात्र टंगस्टनचे सूक्ष्म कण सांध्यात अडकतात आणि टोकही दूषित होते. दुधाच्या नळीत असा सांधा आतून खडबडीत राहिला, तर तेथे दुधाचा अंश साचतो व धुण्याने तो पूर्णतः निघत नाही. जंतूंच्या वाढीस तेवढी जागा पुरेशी असते. म्हणजेच प्रारंभकाचा दोष हा वर्कशॉपपुरता मर्यादित न राहता अन्नाच्या शुद्धतेपर्यंत पोहोचतो.

रचना व कार्य :

पारंपरिक प्रारंभकात पाच मुख्य घटक असतात. पहिला, २३० व्होल्टचे तीन-चार हजार व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर. दुसरा, त्या दाबावर भारित होणारा कपॅसिटर. तिसरा, टंगस्टनच्या दोन टोकांमधील ठिणगी-अंतर म्हणजेच स्पार्क गॅप. चौथा, वेल्डिंगच्या परिपथात ओवलेले जोड-वेटोळे. पाचवा, बायपास कपॅसिटर.

कपॅसिटरवरील दाब पुरेसा वाढला की स्पार्क गॅपमध्ये ठिणगी पडते. त्या क्षणी कपॅसिटर व वेटोळे यांच्यामध्ये विद्युत ऊर्जा वेगाने मागेपुढे झोके घेऊ लागते. या दोलनांची वारंवारता काही लाख ते काही दशलक्ष हर्ट्झ असते. जोड-वेटोळ्यामार्फत हा उच्च दाब टॉर्चपर्यंत जातो. बायपास कपॅसिटर ही दोलने मूळ यंत्राच्या डायोडकडे परत जाऊ देत नाही. हाइनरिख हर्ट्झ यांनी १८८७ च्या सुमारास विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध करण्यासाठी वापरलेले तत्त्व हेच होय. त्यामुळेच टिग यंत्र सुरू होताच शेजारच्या रेडिओत खरखर ऐकू येते.

दोषनिदानाचा क्रम :

निदान बाहेरून आत या क्रमाने करावे. अनेकदा दोष प्रारंभकात नसतोच. आर्गॉनचा पुरवठा, इलेक्ट्रोडचे स्वच्छ टोक, अर्थ क्लॅम्पची घट्ट पकड, टॉर्चची कळ व सिरॅमिक नोझलला गेलेला तडा यांची तपासणी प्रथम करावी.

त्यानंतर कानांचा उपयोग करावा. कळ दाबल्यावर यंत्रातून स्पार्क गॅपचा ‘चर्र’ असा आवाज येतो किंवा कसे, यावरून दोषाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

अ) आवाज येतो, परंतु टॉर्चच्या टोकाशी ठिणगी नाही : दोष गॅपच्या पुढे आहे. जोड-वेटोळ्यावर जळका मार्ग तयार झालेला असतो किंवा टॉर्चच्या केबलमधून गळती होते. संगमाकाठच्या पावसाळी दमटपणात ओलसर केबल हे गळतीचे संभाव्य कारण ठरते. पाण्याने थंड होणाऱ्या टॉर्चमध्ये बोअरचे क्षारयुक्त पाणी भरल्यास ते विद्युतवाहक असल्याने ठिणगी क्षीण होते. तेथे क्षारविरहित पाणीच वापरावे. चांगल्या स्थितीतील दुसरा टॉर्च जोडून पाहणे ही सर्वांत सोपी कसोटी होय.

आ) आवाजच येत नाही : दोष गॅपमध्ये किंवा त्याच्या मागे आहे. टॉर्चच्या कळीचा संदेश, रिले, ट्रान्सफॉर्मरला मिळणारा पुरवठा, ट्रान्सफॉर्मरचे दुय्यम वेटोळे व कपॅसिटर या क्रमाने तपासावे.

इ) आवाज व ठिणगी दोन्ही आहेत, पण चाप टिकत नाही : प्रारंभक निर्दोष असून दोष मूळ यंत्रात, अर्थ जोडणीत किंवा वायूच्या पुरवठ्यात शोधावा.

दुरुस्ती :

स्पार्क गॅप साधारणतः ०.२ ते ०.५ मिलिमीटर असतो. नेमके माप उत्पादकाच्या पुस्तिकेतून घ्यावे व फीलर गेजने लावावे. अंतर कमी असल्यास ठिणगी दुर्बळ होते. जास्त असल्यास कपॅसिटर व ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो किंवा ठिणगी पडतच नाही. टोके केवळ काळवंडली म्हणजे बाद झाली असे नव्हे. अनेक उत्पादक ती घासू नयेत असे सुचवितात, कारण घासल्याने समोरासमोरील पृष्ठांची समांतरता बिघडते. टंगस्टन झिजले असल्यास दोन्ही टोके एकदमच बदलणे इष्ट.

कपॅसिटर बदलताना धारकतेइतकेच त्याच्या दाबक्षमतेस व उच्च वारंवारतेच्या क्षमतेस महत्त्व आहे. बाजारातील साधा पंख्याचा कपॅसिटर येथे चालत नाही. बायपास कपॅसिटर निकामी असताना यंत्र चालविल्यास डायोड जळण्याचा धोका संभवतो, म्हणून त्याची तपासणी टाळू नये. बगॅसचा भुसा व धातूची धूळ यांचे थर कोरड्या हवेने काढावेत.

सुरक्षितता :

टॉर्चच्या टोकावरील उच्च वारंवारतेच्या ठिणगीने खोलवर भाजू शकते. परंतु खरा प्राणघातक धोका आतील ट्रान्सफॉर्मरचा आहे, कारण तेथे ५० हर्ट्झचे हजारो व्होल्ट असतात. या दोहोंतील फरक न कळल्याने ‘एच.एफ.चा झटका किरकोळ असतो’ हा समज जीवावर बेतू शकतो. पुरवठा केवळ बटणाने नव्हे, तर मुख्य स्विचपासून तोडावा. इन्व्हर्टर यंत्रात एकफेजी पुरवठ्यावर कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट साठतात. तेव्हा पुस्तिकेत सांगितलेला अवधी थांबून, मीटरने दाब शून्यावर आल्याची खात्री करावी. चालू प्रारंभकाच्या उच्च दाबाच्या भागास साधा मल्टिमीटर कदापि लावू नये. मीटर निकामी होतोच, शिवाय धरणाऱ्यासही इजा संभवते.

समारोप :

नरसिंहपूरहून पुणे दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. एका स्पार्क गॅपसाठी यंत्र तेथवर पाठविणे म्हणजे लहान वर्कशॉपच्या मजुरीचे कित्येक दिवस बुडविणे होय. हे टाळण्यासाठी लागणारे ज्ञान पदवीच्या भौतिकशास्त्रातील दोलन परिपथ, वायूंचे आयनीभवन व ट्रान्सफॉर्मर या प्रकरणांत आधीपासूनच आहे. विद्यार्थी हे घटक परीक्षेसाठी शिकतो आणि त्याच गावातील कारागीर त्यांच्याच बिघाडाने अडून राहतो. महाविद्यालयाने एक जुने, निकामी प्रारंभक प्रयोगशाळेत उघडून मांडले, पुरवठा न जोडता त्याचे भाग दाखविले आणि परिसरातील वेल्डरांनाही त्या तासाला बोलाविले, तर वर्ग व वर्कशॉप यांतील हे अंतर भेदता येईल.