‘लिहिलं’ म्हणजे लिहून झालं का?

मित्रांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. नांदेडमधली मे महिन्यातली दुपार. बाहेर ऊन नुसतं भाजून काढतंय. तुम्ही घरात संगणकासमोर बसून गोदावरी नदीवरचा प्रकल्प लिहिताय. शेवटचं वाक्य पुरं झालं, तुम्ही ‘सेव्ह’ केलं आणि संगणक डोळ्याचं पातं लवायच्या आत म्हणाला, झालं! तेवढ्यात पंखा मंदावला. लाइट गेली!

तासाभरानं वीज आली. तुम्ही घाईघाईनं फाइल उघडली, तर शेवटची दोन पानं गायब!

‘‘पण मी सेव्ह केलं होतं!’’ तुम्ही रडकुंडीला येऊन म्हणता. खरंय, तुम्ही केलं होतं. मग खोटं कोण बोललं?

उत्तर शोधायला आपण एस.टी.त बसून लातूरला जाऊ या. तूर आणि सोयाबीनसाठी लातूरचा आडत बाजार दूरदूरपर्यंत प्रसिद्ध आहे. आता तिथल्या दुकानांतही संगणक आलेत, पण आपल्याला हवीय ती वह्यांची जुनी पद्धत. ऐन हंगामाचे दिवस. हमाल पोती उतरवताहेत, काट्यावर वजनं होताहेत. मुनीमजी वजनाचा आकडा कच्च्या वहीत टिपतात आणि ओरडतात, ‘‘हं, पुढचं आण!’’ संध्याकाळी गर्दी ओसरली, की हे आकडे तारखेवार रोजकीर्दीत उतरतात. तिथून ज्याच्या त्याच्या नावावर खतावणीत चढतात.

आता सांगा, मुनीमजींनी दर पोत्याला ती जाडजूड खतावणी काढून, पान शोधून, सुवाच्य अक्षरात नोंद केली असती तर? बैलगाड्यांची रांग थेट गावाबाहेर गेली असती!

संगणकातही अगदी असंच असतं बरं का! त्याची मेमरी म्हणजे कच्ची वही. लिहायला चपळ, पण वीज गेली की कोरी. हार्ड डिस्क म्हणजे खतावणी. टिकाऊ, पण संथ. दोघींच्या वेगात फरक तरी किती? मेमरीत एक नोंद करायला एक सेकंद लागतो असं समजलं, तर फिरत्या डिस्कवर योग्य जागा शोधून तीच नोंद करायला साधारण एक लाख सेकंद लागतील. म्हणजे २७ तासांहून जास्त! हल्लीच्या एस.एस.डी. खूप वेगवान आहेत, पण मेमरीची बरोबरी त्यांनाही जमत नाही.

म्हणून प्रोग्रॅमनं ‘हे लिही’ म्हटलं, की संगणकाची कार्यप्रणाली मजकूर मेमरीत टिपून घेते आणि लगेच ‘झालं’ म्हणते. डिस्कवर तो नंतर सवडीनं जातो. लिनक्स या कार्यप्रणालीत ही सवड साधारण अर्ध्या मिनिटाची असते. तुमची दोन पानं हरवली ती याच मधल्या वेळात.

काम सांगायचं, ते पुरं होईपर्यंत ताटकळत न बसता दुसऱ्या कामाला लागायचं आणि पुरं झाल्याचा निरोप मागाहून घ्यायचा. या पद्धतीला ‘असिंक्रोनस’ म्हणजे असमकालिक लेखन म्हणतात. लिनक्समध्ये २०१९ साली येन्स आक्सबो यांनी यासाठी ‘आयओ-यूरिंग’ नावाची सोय आणली. तिच्यात दोन गोल रांगा असतात. एकीत प्रोग्रॅम आपल्या मागण्या ठेवतो, दुसरीत ‘हे काम झालं, ते फसलं’ असे निरोप येऊन पडतात.

पण त्या ‘झालं’चा अर्थ काय, कच्च्या वहीत की खतावणीत? हा प्रश्न उरतोच! एखादा खमक्या शेतकरी म्हणतो ना, ‘‘मुनीमजी, माझ्यासमोर खतावणीत घ्या. त्याशिवाय मी हलत नसतो!’’ प्रोग्रॅमलाही असं अडून बसता येतं. त्या आज्ञेचं नाव ‘एफसिंक’. ती वेळखाऊ आहे, पण भरवशाची. बँकेत पैसे जमा होताना ती हवीच. खेळातल्या गुणांसाठी नसली तरी चालेल.

आणि खतावणीत लिहिता लिहिताच वीज गेली तर? नोंद अर्धवटच राहील! त्यावरही मुनीमजींकडे तोड आहे. आधी रोजकीर्द, मग खतावणी. खतावणी बिघडली, तर रोजकीर्द बघून ती पुन्हा लिहायची. लिनक्सच्या ‘ई.एक्स.टी.३’ या फाइलव्यवस्थेत २००१ साली हेच आलं. त्या वहीचं नाव ठाऊक आहे? ‘जर्नल’. हिशेबाच्या भाषेत जर्नल म्हणजे रोजकीर्दच की!

मोठमोठेही इथं चुकतात. ‘पोस्टग्रेस’ ही माहिती साठवणारी नावाजलेली प्रणाली. डिस्कवर लिहिताना बिघाड झाला, की एफसिंक तिला ‘नाही जमलं’ असं सांगे. पोस्टग्रेस पुन्हा विचारी. लिनक्सनं मात्र तोवर ते पान ‘लिहिलेलं’ धरून टाकलेलं असे, म्हणून या वेळी उत्तर येई, ‘सगळं ठीक!’ वर्षानुवर्षं लपलेला हा घोळ २०१८ साली उघडकीला आला. २०१९मध्ये पोस्टग्रेसनं पद्धत बदलली. आता ‘नाही’ ऐकलं, की ती थांबते आणि आपल्या रोजकीर्दीवरून सगळं पुन्हा उभं करते.

म्हणून दोस्तांनो, महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत नेहमी दुसऱ्या जागी ठेवा. पेन ड्राइव्ह ओढून काढू नका, आधी ‘इजेक्ट’ म्हणा. आणि उद्या प्रोग्रॅम लिहायला शिकाल, तेव्हा प्रत्येक ‘झालं’ला विचारा, ‘‘कुठल्या वहीत?’’

हो, आणखी एक. आई विचारते, ‘‘गृहपाठ झाला का रे?’’ आणि वही न उघडताच तुम्ही म्हणता, ‘‘झाला!’’ तेव्हा तुम्हीही असमकालिक लेखनच करत असता. फक्त लाइट जायच्या आत तो वहीत उतरवा म्हणजे झालं!