काळ्या पडद्यामागचे दोघे भाऊ

मे महिन्यात एरंडोलला भर दुपारी उन्हात लावलेल्या गाडीचा डिजिटल मीटर कधीकधी काळा ठिक्कर पडतो. मीटर गेला, असं वाटून पोटात गोळा येतो. गाडी जरा सावलीत घ्या. थोड्या वेळात आकडे हजर!

मीटरच्या काचांमध्ये द्रवस्फटिक असतो. वाहतो पाण्यासारखा, पण त्याचे रेणू स्फटिकासारखे एका दिशेला तोंड करून उभे. फार तापला की ही शिस्त मोडते आणि प्रकाशाला वाट करून देणं थांबतं. ही विचित्र अवस्था १८८८ साली फ्रीडरिश रायनिट्झरला दिसली. त्याचा पदार्थ १४५.५ अंशांना वितळला, पण गढूळच राहिला. नितळ झाला तो थेट १७८.५ अंशांना.

आता महागड्या फोनांत ओलेड पडदा आला. १९८७ मध्ये कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांच्या अतिपातळ थरांतून थोडक्या व्होल्टेजवर उजेड काढून दाखवला, तिथून ही गोष्ट सुरू झाली. पडदा स्वतःच उजळतो, म्हणजे द्रवस्फटिकाची सुट्टी, असं आपण धरून चालतो. पण फोनचा पडदा बदलणाऱ्या कारागिराच्या टेबलावर वरची पोलरायझर फिल्म सोललेलं ओलेड पॅनेल पाहा. चक्क आरसा! आत धातूचा थर आहे, तो सगळं ऊन परत फेकतो. फिल्म चढवली की तोच आरसा काळाभोर. बाहेरचा प्रकाश आत जाताना ती त्याला एका बाजूचा पीळ देते. आरशावर आपटून तो पीळ उलटा होतो, आणि परतीच्या वाटेवर तीच फिल्म त्याला अडवते. हा पीळ देणारा थर अनेकदा गोठवलेल्या द्रवस्फटिकाचाच असतो.

मात्र लाल, हिरव्या, निळ्या सगळ्याच रंगांना सारखा पीळ बसणं अवघड. तीन पट्ट्या ठरावीक कोनांत एकमेकींवर ठेवून ते साधता येतं, हे १९५५ साली बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. पंचरत्नम यांनी दाखवलं. वय एकवीस! पस्तिसाव्या वर्षी ते गेले.

या फिल्मपायी पडद्याचा स्वतःचाही निम्मा उजेड वाया जातो, आणि मग बॅटरीच्या नावानं बोटं मोडली जातात. म्हणून संशोधक आता मळसूत्रासारखे वळणारे द्रवस्फटिकच चमकवू पाहताहेत. त्यांचा उजेड जन्मतःच योग्य पिळाचा, त्यामुळे बराचसा न अडता बाहेर पडू शकतो.

दुसरी वाट पंचरत्नम यांच्या थोरल्या भावाची. एस. चंद्रशेखर नागपूर विद्यापीठाचे एम.एस्सी. फार काळ द्रवस्फटिकाचे रेणू काडीसारखेच लांबट असावे लागतात, असा समज होता. १९७७ साली रामन संस्थेतच चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी चपट्या, गोल रेणूंचा द्रवस्फटिक शोधला. हे रेणू कळण्याच्या भाकरींच्या चवडीसारखे एकावर एक बसतात. अशा चवडीतून विद्युतभार वरखाली सहज सरकतो, आणि ओलेडला नेमकं तेच हवं असतं. शिवाय हे रेणू हलू शकतात, त्यामुळे चवडीतली चूक ते बरेचदा आपणच दुरुस्त करतात. घट्ट स्फटिकाला हे जमत नाही.

उजेड देणाऱ्या थरात हे चपटे रेणू वापरण्याचं काम अजून प्रयोगशाळेतच आहे. बाजारातला फोन त्यावर चालत नाही. पण साध्या एलसीडी पडद्यावर बाजूनंही चित्र नीट दिसावं म्हणून जपानी फूजीनं नव्वदच्या दशकात जी फिल्म आणली, ती असल्याच चपट्या रेणूंची होती.

सी. व्ही. रामन हे या दोघांचे सख्खे मामा. येत्या २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळेत मामांच्या फोटोला हार घालाल, तेव्हा मुलांना या भाच्यांचीही नावं सांगा, आणि जमलं तर फिल्म काढलेलं एखादं मोडकं ओलेड पॅनेल त्यांच्या हातात द्या.